बारा नंबरच्या वर्गातला आवाज

मंगळवारी सकाळी सहाच्या सुमाराला माझ्या खोलीतला रेडिएटर वाजायला लागला. ठक्, ठक्, ठक्. दरवर्षी ऑक्टोबरच्या मध्याला घरमालक तळघरातला बॉयलर पेटवतो, वाफ पाइपांतून वर चढते आणि उन्हाळाभर थंड पडलेलं खिडकीखालचं लोखंड कुरकुरत जागं होतं. यात नवं काही नाही. चोपन्न वर्षांचं आयुष्य या आवाजात गेलं. मी कूस बदलली, पांघरूण डोक्यावर ओढलं, आता खोली तापेल म्हणून बरं वाटलं. आणि मग तसाच पांघरुणाखाली डोळे उघडे ठेवून पडून राहिलो. बॉयलर पेटला म्हणून पाइप वाजतायत. बॉयलर पेटला म्हणून. परवा रविवारी दुपारी बेलफिल्ड शाळेत, बारा नंबरच्या वर्गात, असेच पाइप वाजत होते, आणि बेलफिल्डचा बॉयलर सोळा वर्षांपूर्वी, शाळेला कुलूप लागलं त्या जूनमध्येच विझलाय.

आधी मी स्वतःची समजूत काढली. समजूत काढण्यात मी पटाईत आहे, माझं लग्न एकोणीस वर्षं त्याच्यावरच तर टिकलं. वारा असेल. भिंतीत रकूनसारखं एखादं जनावर शिरलं असेल. ऊन पडलं की लोखंड फुगतं, तेव्हाही आवाज होतो. पण रविवारी ऊन नव्हतं, शनिवारपासून सरोवरावरून असं गार वारं सुटलं होतं की मी हिवाळी कोट काढला होता. आणि वारा काही मोजून ठोके देत नाही. तिथे तीन ठोके पडत, मग थांबा, मग पुन्हा तीन. माझ्या खिडकीखालचं लोखंड आता नीट ऐकलं तर कसंही वाजत होतं, दोन, पाच, एक, मग बराच वेळ काही नाही, मग एकदम सात. पाइप मोजत नाहीत. मोजतो तो माणूस. हे वाक्य मनात आलं आणि मी उठून बसलो, आणि बसल्याबसल्या मला जाणवलं की माझे पाय थंड पडलेत.

रविवारी मी एकटा नव्हतो, कुबियाक बरोबर होता. स्टॅन कुबियाक, वय सहासष्ट, पोलाद गिरणीत एकतीस वर्षं वेल्डर. कान गिरणीने खाल्ले आणि गुडघे चर्चने, असं तो स्वतःच सांगतो. मी इस्पितळात एक्स-रे काढतो म्हणून तो मला डॉक्टर म्हणतो. बारा वर्षं झाली, आम्ही दोघं रविवारी बंद पडलेल्या इमारतींत शिरतो आणि फोटो काढतो. आमच्या गॅरी शहरात त्यांना तोटा नाही, माणसं कमी पडतील पण बंद इमारती कमी पडणार नाहीत. आमचे नियम आहेत आणि ते आम्ही देवाधर्माचे पाळले नसतील इतके काटेकोर पाळतो. आतल्या कशालाही हात लावायचा नाही. उलटी पडलेली खुर्ची सुलटी करायची नाही. बाहेर पडताना खिडकीवरची प्लायवुडची फळी पुन्हा स्क्रूने घट्ट बसवायची, म्हणजे तांब्याचे पाइप कापून नेणारे चोर शिरत नाहीत. आणि पत्ता जीव गेला तरी कोणाला सांगायचा नाही. आपापसांतसुद्धा आम्ही इमारतींना टोपणनावं ठेवतो. बेलफिल्ड ही आमची मावशी. “या रविवारी मावशीकडे जायचं का?” असं फोनवर म्हटलं की शेजारच्याला वाटावं, काय मायाळू माणसं आहेत.

मावशी माझी खरोखरचीच होती म्हणा. सहाव्या वर्षापासून बारा वर्षांचा होईपर्यंत मी त्या शाळेत होतो. बारा नंबरचा वर्ग मिसेस टॉलिव्हर बाईंचा. तिथला रेडिएटर सगळ्या शाळेत बदनाम होता, बाई फळ्याकडे वळल्या की तो सुरू. बाई म्हणायच्या, “तो गैरहजर मुलांची हजेरी घेतोय, तुम्ही लिहा.” मी त्याच्या शेजारच्या बाकावर बसायचो, ओले हातमोजे त्याच्यावर वाळत टाकायचो, आणि तापलेल्या लोकरीचा तो वास अजून कुठे आला की मला रडू फुटेल असं वाटतं. शाळा वाचवायला सभा झाल्या तेव्हा मी एकाही सभेला गेलो नाही. ड्युटी होती. तीन सभा होत्या आणि तिन्ही वेळा ड्युटी होती. शाळा बंद पडून चार वर्षं झाल्यावर मात्र मी कॅमेरा घेऊन तिच्याकडे जायला लागलो, दर वर्षी दोनदा, आणि सोललेला रंग, कुजलेली लाकडी जमीन, छत कोसळून आत उगवलेलं बर्चचं झाड यांचे असे फोटो काढले की लोक म्हणतात, आर्डेल, तुझ्या फोटोंत माया आहे. जिवंत होती तेव्हा भेटायला गेलो नाही आणि आता मढ्याला पावडर लावतोय.

रविवारी आम्ही फळी काढून आत शिरलो तेव्हा पावणेबारा झाले होते. फळी बाहेरून घट्ट होती, स्क्रू मी मागे बसवले होते तसेच. त्यावरून आम्ही ठरवून टाकलं की आत कोणी नाही. आत राहणारा माणूस आमच्याच दाराने कशाला येईल, हे बारा वर्षांत एकदाही डोक्यात आलं नव्हतं. बारा नंबरच्या वर्गात एका कोपऱ्यात अंथरूण होतं, चौकोनी घडी घातलेली घोंगडी, उशाला जोडीने ठेवलेले बूट, एक प्लास्टिकची बाटली, केळ्याची साल. अशी अंथरुणं आम्हाला पुष्कळ दिसतात, वर्षानुवर्षं पडलेली. फोटोला फार चांगली. मी कॅमेऱ्याची तिवई लावली. आणि तेव्हा ते सुरू झालं, भिंतीतून, खिडकीखालच्या लोखंडातून.

“डॉक्टर, काय वाजतंय रे ते?” कुबियाकने विचारलं. बहिरा माणूस, पण त्याला ऐकू आलं आणि त्याने विचारलं. हे मी स्वतःला पुन्हा पुन्हा सांगतो.

“रेडिएटर,” मी म्हणालो. “या वर्गातला कायमच वाजायचा. बाई म्हणायच्या, हजेरी घेतोय.”

“मग म्हण की हजर! वर्गात गप्प बसतोस होय?”

आणि मी म्हणालो. त्या रिकाम्या वर्गात हात वर करून मोठ्याने म्हणालो, “हजर, बाई!” आम्ही दोघं हसलो. खाली ठोके एकदम जोरात पडायला लागले, भराभर, तीनतीनचा हिशोब सोडून. मला त्याचा रागच आला, कारण लोखंड थरथरलं की जमीन थरथरते आणि वीस सेकंद शटर उघडं ठेवून काढायचा फोटो हलतो. मी घड्याळ बघत उभा राहिलो. आवाज थांबायची वाट बघितली. थांबला तसं बटण दाबलं.

हे सगळं पलंगाच्या कडेवर बसून आठवताना बाहेर उजाडत होतं. मी उठून कॉम्प्युटर लावला. माझे फोटो मी काळेपांढरे करतो. पडक्या इमारतीत रंग चवचाल दिसतो असं माझं मत आहे, आणि ते मी दोन प्रदर्शनांत छातीठोकपणे सांगितलंय. काळ्यापांढऱ्यात ते अंथरूण सुंदर दिसत होतं, तीस वर्षांपूर्वीचं असावं तसं. मूळ फोटोत रंग असतो, तो मी काढून टाकलेला असतो. मी तो परत आणला. घोंगडी हिरवी झाली. बूट तपकिरी झाले. आणि केळ्याची साल पिवळी झाली. नुसती पिवळी, एक काळा ठिपका नाही तिच्यावर. मी ती मोठी करून बघितली, आणखी मोठी केली, पडदाभर पिवळं झालं तरी बघत राहिलो. मग मी न्हाणीघरात जाऊन ओकलो.

सात वाजता कुबियाकला फोन केला. तो तळण तळत होता, मागे चुरचुर ऐकू येत होती.

“स्टॅन, रविवारचे ते पाइप. मावशीकडे बॉयलर नाही.”

“कोणाकडे?”

“शाळेत! बॉयलर बंद आहे. मग पाइप वाजले कसे?”

मागची चुरचुर थांबली. त्याने शेगडी बंद केली असावी. “तू म्हणालास रेडिएटर,” तो म्हणाला. “तुझी शाळा. मी म्हटलं, याला माहीत असणार.”

“मला माहीत होतं असं मलाही वाटलं.”

“हे बघ आर्डेल,” त्याने मला नावाने हाक मारली, म्हणजे तो घाबरला होता. “गेल्या वर्षी रेल्वेच्या गोदामात सापडलो तेव्हा न्यायाधीशबाई काय म्हणाली ते ऐकलंस ना तू? पुन्हा दिसलात तर तीस दिवस आत. मी या वयात तुरुंगातल्या संडासावर बसू? तुझी तर नोकरीच जाईल. आणि असेलही रकून. तू माणूस बघितलास का? नाही ना? मग.”

“साल पिवळी आहे.”

“म्हणजे कोणीतरी केळं खाऊन गेला. केळं खाणारा मेलाच पाहिजे असं कुठे लिहिलंय?”

त्याचं म्हणणं मला पटलं नाही, पण पटल्यासारखं करणं सोयीचं होतं. मी आंघोळ केली, इस्पितळाचा निळा सदरा घातला आणि कामावर गेलो. हे मी केलं. त्या दिवशी मी तेवीस लोकांचे एक्स-रे काढले. श्वास रोखा, म्हणालो, हलू नका, सोडा. एका म्हातारीचा खुबा मोडला होता. ती न्हाणीघरात घसरली होती आणि शेजारीण येईपर्यंत अडीच दिवस जमिनीवर पडून होती, आणि आता मला सांगत होती की हाडं मोडली तरी चालतील पण तहान नको रे बाबा. ती जिवंत होती, गप्पा मारत होती. म्हणजे अडीच दिवस माणूस जगतो. रविवार दुपार ते मंगळवार दुपार, दोन. मी जिन्यात गेलो आणि आणीबाणीचा नंबर लावला. एक बाई बोलली, शांत, जांभई आवरलेली. काय झालंय म्हणाली. मी म्हणालो, एका बंद इमारतीत कोणीतरी अडकलं असावं. “पत्ता सांगा,” ती म्हणाली.

आता हे कोणाला खरं वाटणार नाही, आणि वाटावं असं मला वाटतही नाही. पत्ता माझ्या तोंडातून निघेना. बारा वर्षांची सवय. लोकांनी दारू पाजून विचारलंय, पैसे देऊ केलेत, एका मासिकवाल्याने गयावया केलीय, आणि मी हसून मान हलवलीय. त्या मान हलवण्याचा मला अभिमान होता, दुसरं फार काही नव्हतंच. “पश्चिमेकडची एक शाळा,” मी म्हणालो. “कुठली शाळा, साहेब? पश्चिमेला सात बंद शाळा आहेत.” तिने आकडा बरोबर सांगितला. मला तीस दिवस दिसले, नोकरी दिसली, मावशीच्या सगळ्या खिडक्यांवर लोखंडी पत्रे दिसले आणि मी आत कधीच जाऊ शकत नाही असं दिसलं. हो, हेही दिसलं, आणि कुठलं आधी दिसलं ते मी सांगणार नाही. “चुकून लागला,” मी म्हणालो, “माफ करा,” आणि फोन ठेवला. चारला सुट्टी होते, उजेड सहापर्यंत असतो, आपण स्वतःच जाऊ, असं ठरवलं आणि ठरवल्यामुळे इतकं हलकं वाटलं की मी खाली जाऊन सूप प्यायलो.

साडेचारला मी फळी काढली. स्क्रू निघता निघत नव्हते, रविवारी मीच कसून बसवले होते. आत शिरून ओरडलो, “कोण आहे का?” नियमात ओरडणंही बसत नाही, त्यामुळे माझाच आवाज मला परका वाटला. बारा नंबरच्या वर्गात गेलो. अंथरूण तसंच, बूट तसेच, साल आता काळपट. मी खिशातला स्क्रूड्रायव्हर काढला आणि रेडिएटरवर तीन ठोके दिले. थांबलो. पुन्हा तीन. कान लोखंडाला लावला. इतकं थंड होतं की कानशील भाजल्यासारखं झालं. आतून काही आलं नाही. मी किती वेळ ठोकत होतो कोण जाणे, हात दुखायला लागला तेव्हा थांबलो आणि पाइप जिथून येतो तिकडे निघालो. व्यायामशाळेमागे तळघराचा दरवाजा आहे. आम्ही पोरं थंडीत तिथे जायचो, रखवालदार आम्हाला बॉयलरशेजारी उभं करून हात शेकू द्यायचा. दरवाज्यामागचा लाकडी जिना निम्मा उरला होता. बॅटरीचा उजेड खाली टाकला. तुटलेल्या पायऱ्यांवर एक माणूस पडला होता, मोजे घातलेला, पाठीशी बॉयलर. हातात रखवालदाराचा मोठा लोखंडी पाना होता. पाइपाचा रंग एका जागी उडाला होता, बशीएवढा. मी त्या जागेकडे बघत राहिलो, माणसाच्या तोंडाकडे नाही. मग पत्ता सांगितला. फोनवरच्या बाईला शाळेचं नाव, गल्ली, कुठली खिडकी, सगळं सांगितलं, एका दमात. वरातीमागून घोडं.

पोलिसाने विचारलं, आत कशाला गेला होतात? मी म्हणालो, फोटो काढायला, माझी जुनी शाळा आहे. पूर्वी कधी आला होतात? आणि मी म्हणालो, या वर्षी नाही. ते इतकं सहज निघालं की मला वाटलं दुसराच कोणी बोलला. पोलीस तरुण होता, त्याची आई याच शाळेतली निघाली. त्याने दंडाची पावती लिहायला घेतली, मग वही मिटली. “जाऊ द्या, काका,” म्हणाला, “तुम्ही नसता तर हा हिवाळाभर इथेच पडला असता. आमचे लोक इकडे फिरकत नाहीत.” अग्निशमन दलाच्या जवानांनी त्या माणसाला वर आणलं. त्याचं नाव रॉड्रिक बीम, वय सत्तेचाळीस, असं त्याच्या पाकिटात होतं. बॉयलरमागे कोळसा टाकायचं भोक आहे, त्यातून तो ये-जा करत असे. म्हणजे मीही बाराव्या वर्षी जिथून शिरायचो तिथूनच. शनिवारच्या वाऱ्याला तो ऊब शोधत वरून खाली निघाला असेल, एवढंच मला कळतं, आणि अंधारात कुजलेला जिना पायाखाली तुटला. भोक त्याच्यापासून दहा फुटांवर होतं.

शुक्रवारी त्याची बहीण मला भेटायला इस्पितळात आली. यूलँडा बीम, घरोघरी जाऊन आजारी म्हाताऱ्यांचं करते, तिचा सदराही निळाच होता, त्यामुळे आम्ही दोघं एका खात्यातले दिसत होतो. तिने मॅकरोनीचं मोठं भांडं आणलं होतं, वर फॉइल. मला! मी ते दोन्ही हातांनी धरून उभा राहिलो. कँटीनमध्ये बसलो. ती पाच मिनिटं त्याच्याबद्दल बोलली: दोन वर्षं तिच्याच सोफ्यावर होता, तिच्या नवऱ्याशी पटलं नाही, ऑगस्टमध्ये निघून गेला, दर रविवारी कोणाचातरी फोन मागून तिला फोन करायचा, त्या रविवारी आला नाही.

“ब्रदर सिम्स,” तिने मला चर्चमधल्यासारखी आडनावाने हाक मारली, “मला एकच गोष्ट विचारायचीय, आणि तुम्ही हाडांतले आहात म्हणून विचारते. शवचिकित्सक म्हणतात, खुबा मोडला होता. कधी गेला ते नक्की सांगता येत नाही म्हणे, थंडी होती ना. शनिवार असेल नाहीतर मंगळवार असेल. मला रात्री झोप नाही हो. लगेच गेला असेल का? का पडून होता?”

खुबा मोडून माणूस लगेच मरत नाही, हे मला कोणी शिकवायला नको. आणि तो रविवारी दुपारी बारा वाजून चाळीस मिनिटांनी जिवंत होता, जोर होता त्याच्या हातात, हे जगात दोनच माणसांना माहीत होतं, त्यातला एक बहिरा. मी तिच्या तोंडाकडे बघितलं. डोळ्यांखाली काळं झालं होतं. तिच्यासाठी मी खोटं बोललो असं मला म्हणता आलं असतं, आणि पहिलं खोटं कदाचित तिच्यासाठी असेलही. “लगेच,” मी म्हणालो. “डोकं आपटलं असणार. कळलंही नसेल.”

तिने डोळे मिटले आणि टेबलावरचा माझा हात धरला. तळवा खरखरीत होता, साबणाने खाल्लेला. मग डोळे उघडून म्हणाली, “पण मग तो पाना? हातात पाना होता म्हणतात. कळलंच नाही तर पाना कशाला धरला त्याने?”

मी म्हणू शकलो असतो, माहीत नाही. तेवढे शब्द होते माझ्याकडे. पण मला वाटलं, ही बाई हुशार आहे, ही घरी जाऊन विचार करेल, पाना, पाइप, रंग उडालेली जागा, ती त्या तरुण पोलिसाला विचारेल, आणि कोणीतरी कुबियाकपर्यंत पोचेल. “पाइप काढायला गेला असेल,” मी म्हणालो. “तांब्याला भाव आहे. बरेच लोक करतात.”

तिने हात मागे घेतला. झटक्याने नाही, हळूच. “रॉड्रिकने कधी दुसऱ्याच्या सुईला हात लावला नाही,” ती म्हणाली. ती फॉइलची कड सारखी करत राहिली. “पण पोट आहे ना,” शेवटी म्हणाली. “काय सांगावं माणसाचं. गेला असेल.” मग उठताना तिने विचारलं, तिथला एखादा फोटो आहे का, तो झोपायचा त्या जागेचा, तिला बघायचीय. मी दुसऱ्या दिवशी तिला रंगीत फोटो पाठवला. साल कापून टाकली, कडेनेच कापला, कोणाला कळणार नाही असा. बूट ठेवले.

पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी दफनाआधीच्या प्रार्थनेला मी जाणार नव्हतो. यूलँडा स्वतः न्यायला आली, गाडी खाली उभी करून हॉर्न वाजवत राहिली. चर्च भरलं होतं, इतकी माणसं त्याला ओळखत होती हे पाहून मला आश्चर्य वाटलं आणि मग त्या आश्चर्याची लाज वाटली. मला घरच्या माणसांच्या रांगेत बसवलं, तिच्या आणि एका जाड काकूच्या मध्ये. काकूने माझ्या हातात पेपरमिंटची गोळी ठेवली. कार्यक्रमपत्रिकेवर रॉड्रिकचा शाळेतला फोटो होता, समोरचा एक दात पडलेला, मागे बारा नंबरच्या वर्गातला फळा. रेव्हरंड पिकेट बोलायला उभे राहिले. बोलणारा माणूस, रुमालाने कपाळ पुसत पुसत वर चढत जाणारा. “आपला भाऊ रॉड्रिक संत नव्हता,” ते म्हणाले. “नव्हता,” लोक म्हणाले. “शेवटच्या घटकेला त्याच्या हातात काय होतं, ते आपल्याला माहीत आहे.” “माहीत आहे.” “पण वधस्तंभावर प्रभूच्या शेजारी कोण होतं? एक चोरच होता ना?” “आमेन!” पुढच्या बाकावर एक मुलगी रडायला लागली, पंधरासोळा वर्षांची असेल. त्याची मुलगी, काकू माझ्या कानात म्हणाली, आईबरोबर शिकागोला असते, बापाबद्दल हे ऐकून मान खाली घातलीय बघ पोरीने.

मला वाटलं मी आता उठेन. खरंच वाटलं. उठेन आणि म्हणेन, त्याच्या हातात पाना होता कारण तो हाक मारत होता, तीन तीन ठोके, दुपारी बारा चाळीसला, दोन दिवस हाक मारत होता आणि मी वरच उभा होतो. पाय जमिनीला टेकवले, गुडघ्यांवर हात ठेवले. एवढंच करायचं होतं. त्या मुलीची मान वर करायची होती. बाकी काहीही परत येणार नव्हतं, पण तेवढं माझ्या हातात होतं, चर्चमध्ये दुसऱ्या कोणाच्याच नव्हतं.

तेवढ्यात रेव्हरंड म्हणाले, “आणि तो माणूस आज आपल्यात आहे, ज्याने त्याला शोधलं. साऱ्या गावाने पाठ फिरवली तेव्हा जो आत गेला. ब्रदर सिम्स, उभे राहा. दोन शब्द बोला.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती मुलगी मागे वळली आणि तिने माझ्याकडे बघितलं, तोंड ओलं, आणि वाट बघत राहिली. यूलँडाने माझ्या कोपराला आधार दिला. मी उभा राहिलो. माझ्याकडे माइक आला, मी तो धरला, आणि तो माझ्या श्वासाने खरखरला. दोन शब्द म्हणजे दोनच, ‘मी ऐकलं’, ते मला पाठ होते.

“मी गेलो तेव्हा तिथे शांतता होती,” मी म्हणालो.

“आमेन,” लोक म्हणाले.

मुलगी पुढे वळली आणि तिने पुन्हा मान खाली घातली.